सोनाराच्या झाडलोटीतून सोनं काढणारे कडेगाव-खानापूरचे गलाईवाले, आणि काढल्यावर उरलेल्या अ‍ॅसिडचा प्रश्न

सोनाराच्या दुकानात दिवसाअखेर जमीन झाडल्यावर निघणारा कचरा रस्त्यावर टाकत नाहीत. तो डब्यात साठवतात. कानशीने घासताना उडालेला सोन्याचा कीस त्यात असतो, पॉलिशच्या चिंध्या असतात, फुटलेल्या मुशींचे तुकडे असतात. कारागिरांनी हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात धरून ठेवतात आणि तळाशी बसलेला गाळ जपतात. काही महिन्यांनी हा सगळा कचरा विकला जातो, तोही चांगल्या भावाने.

तो विकत घेणारा माणूस केरळमध्ये असो, तमिळनाडूत असो किंवा कोलकात्यात, तो मराठी बोलणारा निघण्याची शक्यता बरीच असते. त्याचं मूळ गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, कडेगाव, आटपाडी भागात किंवा शेजारच्या साताऱ्यातल्या माण-खटावमध्ये असतं. या लोकांना गलाईवाले म्हणतात.

सध्या 'सर्क्युलर इकॉनॉमी' म्हणजे चक्रीय अर्थव्यवस्था या शब्दाची बरीच चर्चा आहे. वस्तू बनवा, वापरा आणि फेका या सरळ रेषेऐवजी वापरलेल्या वस्तूतला माल पुन्हा उत्पादनात आणायचा, अशी ती कल्पना. गलाईवाले हे काम कित्येक वर्षं करत आले आहेत. पण त्यांच्याच धंद्यात या कल्पनेची सगळ्यात अवघड बाजूही दिसते. कचऱ्यातून मौल्यवान धातू काढता येतो, हे सिद्ध झालेलं आहे. प्रश्न असा आहे की काढताना वापरलेलं अ‍ॅसिड, निघालेला धूर आणि शेवटी उरलेला गाळ जातो कुठे? आणि त्याचा खर्च कोण करतं?

गलाई म्हणजे काय आणि ती याच भागात का?

गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून, त्यातली भेसळ काढून ती शुद्ध करणं. जुने दागिने, मोड, सोनारकामाचा कचरा अशा सगळ्या मालातून शुद्ध धातू काढून तो परत बाजारात देणं हा गलाईवाल्याचा व्यवसाय.

हे काम मराठी मुलखाला नवं नाही. सोनाराच्या भट्टीतली राख आणि दुकानातली धूळ धुऊन त्यातले सोन्याचे कण वेगळे करणाऱ्यांना जुन्या मराठीत 'झारेकरी' म्हणत. त्या धुळीलाच 'झारा' म्हणायचे. म्हणजे सोनाराच्या कचऱ्याला आणि तो धुणाऱ्याला आपल्या भाषेत आधीपासूनच वेगळी नावं आहेत.

कडेगाव हा आधी खानापूर तालुक्याचाच भाग होता. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. येरळा नदी बराच काळ कोरडी, शेती पावसाच्या भरवशावर. घरातल्या एखाद्या मुलाने बाहेर पडणं भाग होतं. जो पहिला गेला त्याने गलाईचं काम शिकून दुकान टाकलं, मग भावाला बोलावलं, भावाने मेहुण्याला, मेहुण्याने गावातल्या पोरांना. असं करत या भागातली माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत पोहोचली. खानापूर तालुक्यातलं विटा हे गलाई व्यावसायिकांचं गाव म्हणून आजही ओळखलं जातं. गावच्या यात्रेला वेगवेगळ्या राज्यांच्या नंबर प्लेटच्या गाड्या या भागात दिसतात, त्यामागे हेच स्थलांतर आहे.

कचऱ्यातून सोनं निघतं कसं?

झाऱ्याचं काम आधी भट्टीत होतं. चिंध्या, भुसा, कागद असं जे जळण्यासारखं आहे ते जाळून राख करतात. राख चाळतात, लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस बाजूला काढतात आणि उरलेली राख पाण्यात धुतात. सोनं जड असल्यामुळे तळाशी बसतं. काही ठिकाणी बारीक कण पकडण्यासाठी पारा वापरण्याची जुनी पद्धत होती. मग तळाचा माल टाकणखार घालून मुशीत वितळवला की एक गोळा मिळतो. त्यात सोनं असतं, चांदी असते, तांबं असतं आणि आणखीही काही धातू असतात.

आता हे धातू एकमेकांपासून वेगळे करायचे. नुसत्या उष्णतेने ते होत नाही. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, चांदी ९६२ अंशांना आणि तांबं १०८५ अंशांना. वितळल्यावर ते एकमेकांत मिसळून जातात. म्हणून अ‍ॅसिड लागतं.

नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं विरघळत नाही. पण गोळ्यात सोन्याचं प्रमाण जास्त असेल तर अडचण होते. आतली चांदी सोन्याच्या आड दडते आणि अ‍ॅसिड तिच्यापर्यंत पोहोचत नाही. यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो. सोनं शुद्ध करण्यासाठी आधी त्यात आणखी चांदी घालायची. सोनं एक भाग आणि चांदी साधारण तीन भाग असं मिश्रण केलं की अ‍ॅसिडला आत शिरायला वाट मिळते. सगळी चांदी विरघळते आणि तळाशी तपकिरी भुकटी राहते. ही भुकटी म्हणजेच सोनं. ती धुऊन, वाळवून पुन्हा वितळवली की पिवळी होते.

दुसरी पद्धत सोनंच विरघळवण्याची. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक अ‍ॅसिड एकत्र केलं की तयार होणाऱ्या मिश्रणाला 'अ‍ॅक्वा रेजिया' म्हणजे अम्लराज म्हणतात. यात सोनं विरघळतं आणि नंतर दुसरं रसायन घालून ते परत खाली बसवतात.

मग त्या विरघळलेल्या चांदीचं काय होतं?

चक्रीय अर्थव्यवस्था नेमकी कशी चालते, ते इथे सगळ्यात सोप्या पद्धतीने समजतं.

समजा १० ग्रॅम सोन्यासाठी ३० ग्रॅम चांदी घातली होती. ती आता अ‍ॅसिडच्या द्रावणात आहे. त्या द्रावणात तांब्याची पट्टी ठेवली की तांबं विरघळू लागतं आणि चांदी करड्या रंगाच्या गाळासारखी खाली बसते. रसायनशास्त्राच्या हिशेबाने ३० ग्रॅम चांदी परत मिळवायला साधारण ९ ग्रॅम तांबं लागतं. प्रत्यक्षात थोडं अधिक जातं, कारण शिल्लक अ‍ॅसिडही तांबं खातं.

चांदी मिळाली, पण द्रावण आता निळं झालं, कारण त्यात तांबं आहे. मग त्यात लोखंडाचे तुकडे टाकायचे. लोखंड विरघळतं आणि तांबं खाली बसतं. ९ ग्रॅम तांब्याला सुमारे ८ ग्रॅम लोखंड. म्हणजे महागडा धातू परत मिळवायला प्रत्येक वेळी त्याहून स्वस्त धातू द्यायचा. सोन्यासाठी वापरलेली चांदी परत आली, चांदीसाठी वापरलेलं तांबं परत आलं.

पण लोखंडापाशी ही साखळी थांबते. आता द्रावणात लोखंड आहे, नायट्रेट आहे, थोडं अ‍ॅसिड आहे आणि आधीच्या मालातून आलेले जस्त, शिसं, निकेल यांसारखे धातू आहेत. यातून पुढे जे काही काढायचं त्याला बाजारात भाव नाही. इथून पुढचं प्रत्येक पाऊल म्हणजे फक्त खर्च. चुना घालून आम्लता मारायची, गाळ वेगळा करायचा, तो गाळ परवानगी असलेल्या ठिकाणी पाठवायचा आणि पाण्यावर प्रक्रिया करायची.

जिथे नफा संपतो तिथेच घातक कचऱ्याचा प्रश्न सुरू होतो.

यात नेमकं घातक काय आहे?

पहिला धोका धुराचा. नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये चांदी किंवा तांबं विरघळताना लालसर तपकिरी वायू निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. त्याची फसवी गोष्ट अशी की तो छातीत गेल्यावर लगेच फार त्रास होईलच असं नाही. माणूस घरी जातो, जेवतो आणि काही तासांनी फुफ्फुसांत पाणी होऊन श्वास अडकू शकतो. म्हणून असा धूर लागलेल्या माणसाला 'आता बरं वाटतंय' म्हटलं तरी डॉक्टरांकडे न्यावं लागतं.

दुसरा धोका कॅडमियमचा. बाजारात 'केडीएम' म्हणून ओळखलं जाणारं सोनं तुम्हाला आठवत असेल. दागिन्याचे सांधे जोडताना डागात कॅडमियम वापरायचे, त्यावरून ते नाव पडलं. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं. म्हणजे दागिना वितळेपर्यंत त्यातलं कॅडमियम वाफ होऊन हवेत गेलेलं असतं. ही वाफ फुफ्फुसं आणि मूत्रपिंडांना घातक आहे, आणि कॅडमियममुळे कर्करोगही होतो. हॉलमार्किंग आल्यावर केडीएम मागे पडलं, पण जुने दागिने घराघरांत आहेत आणि ते मोडीत येतच राहणार. म्हणजे सोनाराचा तेव्हाचा डाग आज गलाईवाल्याच्या श्वासात जातो.

तिसरा धोका सांडपाण्याचा. नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं, मातीतून झिरपून विहिरीपर्यंत पोहोचतं. चुना घालून धातू खाली बसवता येतात, नायट्रेट मात्र बसत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही. तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता त्याने कमी होऊ शकते.

हे सगळं काम जर सराफ बाजाराच्या दाटीत, एखाद्या छोट्या गाळ्यात चालत असेल, तर पहिला फटका भट्टीसमोर बसलेल्या माणसाला आणि दुसरा शेजाऱ्यांना. मुंबईत काळबादेवी-झवेरी बाजार परिसरात सोनं-चांदी वितळवणाऱ्या कारखान्यांच्या धुरांड्यांवर महापालिकेने केलेली कारवाई याच कारणासाठी होती.

उपाय माहीत आहेत. भट्टीवर आणि अ‍ॅसिडच्या भांड्यावर हवा ओढणारं हूड हवं. तो धूर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून धुऊन काढणारा स्क्रबर हवा. तोही एका टप्प्याचा पुरत नाही, कारण नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात पटकन विरघळत नाही. सांडपाण्याची टाकी हवी. अडचण माहितीची नसून खर्चाची आहे. ज्याने स्क्रबर बसवला त्याची मजुरी महाग पडते, आणि ज्याने नुसती खिडकी उघडली तो स्वस्तात काम करून देतो.

कायदा काय म्हणतो?

भारतात यासाठी घातक आणि इतर कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ लागू आहेत. त्यांचा गाभा म्हणजे एक क्रम. आधी कचरा होऊच न देणं, मग कमी करणं, मग पुन्हा वापर, मग पुनर्चक्रण, मग त्यातून पदार्थ किंवा ऊर्जा मिळवणं, आणि यातलं काहीच जमत नसेल तर सुरक्षित विल्हेवाट. म्हणजे जमिनीत पुरणं हा पहिला नव्हे, शेवटचा पर्याय.

या नियमांतल्या काही गोष्टी सामान्य वाचकालाही माहीत असलेल्या बऱ्या:

- घातक कचरा कारखान्यात साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही.
- तो फक्त परवानगी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्यालाच किंवा सामायिक विल्हेवाट केंद्रालाच देता येतो. महाराष्ट्रात अशी केंद्रं तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेत.
- कचरा कुठून निघाला आणि कुठे पोहोचला याची कागदपत्रं ट्रकबरोबर जातात. कचरा पोहोचल्याची नोंद परत येणं अपेक्षित असतं.
- एका कारखान्याचा घातक कचरा दुसऱ्या कारखान्याला कच्चा माल म्हणून वापरायचा असेल तर नियम ९ प्रमाणे वेगळी परवानगी लागते. त्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वेगवेगळ्या कचऱ्यांसाठी कार्यपद्धती ठरवून दिल्या आहेत.

हा शेवटचा मुद्दा चक्रीय अर्थव्यवस्थेसाठी फार महत्त्वाचा आहे. गॅल्व्हनायझिंगमधली जस्ताची राख, प्लेटिंगचा गाळ, वापरून झालेलं अ‍ॅसिड, रंगाच्या कारखान्यातला चिकट गाळ, बॅटरीतलं शिसं या सगळ्यांची नावं 'घातक' यादीत आहेत आणि या सगळ्यांतून काहीतरी कामाचं निघतं. रंगाचा गाळ सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून चालतो. तिथे मालाचं तापमान १४५० अंशांच्या आसपास जातं आणि राखसुद्धा सिमेंटमध्येच मिसळून जाते.

मग परवानगीची एवढी भानगड कशाला? कारण 'पुनर्चक्रण' या नावाखाली विष दुसऱ्याच्या दारात ढकलणं फार सोपं असतं. गाळातलं ५ टक्के तांबं काढून घ्यायचं आणि ९५ टक्के गाळ ओढ्याकाठी ओतायचा, यालाही कुणी पुनर्चक्रण म्हणू शकतं. म्हणून नियम फक्त 'काय काढलं' एवढं विचारत नाहीत, 'उरलेलं कुठे गेलं' हेही विचारतात.

मोबाइलमध्ये खाणीपेक्षा जास्त सोनं असतं, हे खरं का?

खरं आहे. खाणीतल्या एक टन खनिजात सोनं बहुधा मोजक्या ग्रॅममध्ये असतं. एक टन जुन्या मोबाइलमध्ये ते त्याच्या कितीतरी पट असतं, कारण सर्किट बोर्डवरच्या जोडण्यांना सोन्याचा पातळ मुलामा असतो.

टोकियो ऑलिम्पिकची सुमारे ५,००० पदकं अशीच बनली होती. जपानमध्ये लोकांकडून ७८,९८५ टन जुनी उपकरणं आणि ६२ लाखांहून अधिक मोबाइल गोळा झाले. त्यातून ३२ किलो सोनं आणि ३,५०० किलो चांदी निघाली.

जगाचं चित्र मात्र एवढं चांगलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातला फक्त २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणात गेल्याची नोंद आहे. ई-कचरा निर्माण करणाऱ्या देशांत चीन आणि अमेरिकेनंतर भारताचा क्रमांक लागतो.

गलाईचं कसब आणि ई-कचऱ्यातलं सोनं यांचं रसायनशास्त्र एकच आहे. फरक विषाच्या प्रमाणात आहे. सोनाराच्या झाऱ्यात चिंध्या आणि भुसा असतो. सर्किट बोर्डमध्ये शिशाचा डाग, ब्रोमिनयुक्त प्लास्टिक, बेरिलियम, निकेल असं बरंच काही असतं. तो उघड्यावर जाळला तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. बोर्ड अ‍ॅसिडच्या पिंपात बुडवून सोनं काढलं तर ते पिंप शेवटी गटारात रिकामं होतं. आणि या अनौपचारिक धंद्यात त्या थोड्या ग्रॅम सोन्यापलीकडचे बरेचसे धातू वायाच जातात.

मग सगळा ई-कचरा अधिकृत केंद्रात का जात नाही?

कारण भंगारवाला दारात येतो आणि रोख पैसे देतो. त्याला जास्त भाव देणं परवडतं, कारण स्क्रबर, सांडपाणी प्रक्रिया, कामगारांची सुरक्षा यांचा खर्च त्याच्या साखळीत कुणीच करत नाही. तो खर्च टळलेला नसतो. तो भट्टीवरच्या पोराच्या फुफ्फुसांवर आणि वस्तीच्या पाण्यावर पडलेला असतो.

हे बदलण्यासाठी ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यात जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. कंपनीने पूर्वी विकलेल्या मालाच्या प्रमाणात ई-कचऱ्याचं पुनर्चक्रण करून घ्यायचं. पहिल्या दोन वर्षांसाठी हे लक्ष्य ६० टक्के होतं, पुढच्या दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्र सोनं, तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्या पुनर्प्राप्तीवर प्रमाणपत्रं तयार करतं आणि कंपन्या ती विकत घेतात. म्हणजे जो खर्च बाजार देत नव्हता, तो प्रमाणपत्रातून यावा अशी रचना आहे.

वाद लगेच पैशांवर आला. प्रमाणपत्रं फार स्वस्त विकली गेली तर केंद्रं कागदोपत्रीच काम करतील म्हणून सरकारने किमान दर ठरवला. घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी तो किलोला २२ रुपये आहे. काही मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी या धोरणाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. भांडण दिसायला किलोमागच्या रुपयांचं आहे, पण मूळ प्रश्न तोच: उरलेल्या विषाचा खर्च कुणाच्या खिशातून?

पाणी आलं, ऊस आला आणि नवा कचराही आला

कडेगावच्या दुष्काळाने गलाईवाले घडवले. पुढे टेंभू आणि ताकारी योजनांचं कृष्णेचं पाणी या भागात आलं आणि शिवारात ऊस दिसू लागला. वांगीचा सोनहिरा साखर कारखाना याच तालुक्यात आहे. साखर पट्ट्यात साखरेबरोबर मोलॅसिस म्हणजे मळी तयार होते, मळीपासून डिस्टिलरीत अल्कोहोल आणि इथेनॉल बनतं. आणि त्यातून निघतो स्पेंटवॉश.

स्पेंटवॉश म्हणजे अल्कोहोल काढून घेतल्यावर उरणारं गडद तपकिरी, वास मारणारं पाणी. एक लिटर अल्कोहोलमागे ते साधारण ८ ते १५ लिटर निघतं. दिवसाला ६० हजार लिटर क्षमतेची डिस्टिलरी असेल तर स्पेंटवॉश रोज पाच ते नऊ लाख लिटर. कायद्याच्या भाषेत हे सांडपाणी असल्यामुळे ते घातक कचऱ्याच्या नियमांत न येता जल प्रदूषण कायद्यात, म्हणजे १९७४ च्या जल अधिनियमात येतं. पण नदीच्या दृष्टीने ते कमी घातक नाही.

पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाईल ते मोजणाऱ्या आकड्याला बीओडी म्हणतात. नदीत सोडायच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. कच्च्या स्पेंटवॉशमध्ये तो आकडा ४० हजारांच्या वर जाऊ शकतो. म्हणून असं पाणी नदीत गेलं की ऑक्सिजन संपतो आणि मासे वर येतात. कृष्णेत मासे मेल्याच्या बातम्या सांगलीकरांना नव्या नाहीत. डिस्टिलरीला एक थेंबही बाहेर सोडू द्यायचा नाही, हे धोरण त्यातूनच आलं.

पण उसाने जमिनीतून शोषलेला पोटॅश याच स्पेंटवॉशमध्ये उतरलेला असतो. त्यामुळे इथेही गलाईसारखीच उतरंड आहे. आधी बंद टाकीत जिवाणूंकडून कुजवून बायोगॅस काढायचा. मग उरलेलं पाणी आटवून घट्ट करायचं आणि खास बॉयलरमध्ये बगॅससारख्या इंधनाबरोबर जाळून वाफ व वीज मिळवायची. जाळल्यावर जी राख राहते तिच्यात पोटॅश असतो. खत म्हणून विकण्यासाठी त्यात किमान १४.५ टक्के पोटॅश हवा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने या खताला पोषणमूल्यावर आधारित अनुदानाच्या योजनेत घेतलं.

याचं महत्त्व का? कारण भारत म्युरिएट ऑफ पोटॅश हे खत जवळजवळ सगळंच आयात करतो. दुसऱ्या देशातून जहाजाने आणलेला पोटॅश उसाला घालायचा आणि तोच पोटॅश स्पेंटवॉशमधून ओढ्यात सोडून द्यायचा, हा उलटा व्यवहार होता. राखेतून खत झालं की शेतातून गेलेला पोटॅश शेतात परत येतो.

अर्थात यालाही मर्यादा आहेत. पाणी आटवायला ऊर्जा लागते, यंत्रणा महाग असते आणि ती बंद पडली तर साठवण टाकी भरत जाते. पावसाळ्यात भरलेली टाकी किती धोक्याची असते, हे नदीकाठच्या गावांना वेगळं सांगायला नको.

प्रत्येक घातक कचऱ्यातून काही ना काही काढता येतं का?

तांत्रिकदृष्ट्या बऱ्याच वेळा हो. पण ते नेहमी शहाणपणाचं नसतं. तीन प्रश्न विचारले तर अंदाज येतो.

पहिला, काढायच्या पदार्थाचं प्रमाण किती? सोनाराच्या झाऱ्यात सोनं भरपूर असतं म्हणून परवडतं. लाखो लिटर पाण्यात विखुरलेला चिमूटभर धातू गोळा करायला त्याच्या किमतीपेक्षा जास्त वीज आणि रसायन लागू शकतं.

दुसरा, काढलेला माल शुद्ध आहे का? घातक गाळापासून बनवलेल्या विटेत किंवा खतात शिसं-कॅडमियम राहिलं, तर कचरा नाहीसा झालेला नसतो. तो फक्त कारखान्यातून घरात किंवा शेतात पोहोचलेला असतो.

तिसरा, शेवटी उरलेल्याची जबाबदारी कुणाची? प्रत्येक चक्राच्या शेवटी थोडा गाळ उरतोच. तो पक्क्या अस्तराच्या खड्ड्यात, नोंद करून गेला तर हिशेब पूर्ण झाला. अंधारात टँकर रिकामा झाला तर आधीचं सगळं पुनर्चक्रण खोटं ठरतं.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय अजूनही तोच आहे, कचरा होऊ न देणं. दागिन्याच्या डागातून कॅडमियम काढून टाकलं की पुढच्या पिढीच्या गलाईवाल्याला त्याच्या वाफेसाठी फिल्टर लावावा लागत नाही.

तुमच्या घरातून काय होऊ शकतं?

- जुना मोबाइल, चार्जर, लॅपटॉप यातला डेटा पुसून ते नोंदणीकृत केंद्रात द्या. अशा केंद्रांची यादी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर असते.
- वायरीतलं तांबं काढायला त्या जाळू नका. तांबं थोडं मिळतं, धूर सगळ्या गल्लीला मिळतो.
- इन्व्हर्टर किंवा गाडीची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानातच परत द्या. अ‍ॅसिड स्वतः ओतून रिकामी करू नका.
- गाडीचं काळं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नका. शुद्ध केलं की त्याचं पुन्हा वंगण बनतं.
- सोनं मोडायला द्याल तेव्हा ते पुढे कुठे वितळवलं जातं, तिथे परवानगी आणि धूर धुण्याची सोय आहे का, हे विचारायला काहीच हरकत नाही.

खानापूर-कडेगावच्या माणसांनी कचरा कशाला म्हणायचं याची व्याख्या फार पूर्वी बदलली. धुळीतला कणही वाया जाऊ द्यायचा नाही, ही त्यांच्या धंद्याची शिस्त. तीच शिस्त आता भट्टीवरच्या धुराला आणि पिंपातल्या अ‍ॅसिडला लावायची आहे. त्यासाठी गलाईवाल्याला एकट्याला धारेवर धरून भागणार नाही. स्क्रबरचा खर्च मजुरीत धरावा लागेल, तो सराफाने द्यावा लागेल आणि शेवटी तो दागिन्याच्या बिलात येईल. मोबाइलच्या किमतीत आणि लिटरभर इथेनॉलच्या दरातही तो यायला हवा. तो खर्च बिलात दिसत नसेल, तर कुठल्या तरी गल्लीत, कुठल्या तरी ओढ्याकाठी कुणीतरी तो भरत असतो.